चारच्या जागी तीन

सुमन कोकरे यांच्याबद्दल लिही, असं मला कुणी सांगितलेलं नाही. उलट "झालं गेलं, आता कशाला उकरता?" असंच माझी बायको म्हणते. पण गेल्या वर्षी अंबाजोगाईतल्या एका कॉलेजात संगणक शिकणाऱ्या मुलांपुढं मी बोलायला गेलो होतो. तासभर बोललो. मुलं तीनदा खळखळून हसली, आणि तिन्ही वेळा ज्या वाक्याला हसली ते वाक्य आक्कांचं होतं. शेवटी एका मुलीनं विचारलं, "सर, हे तुम्हाला कुणी शिकवलं?" मी म्हणालो, "अनुभवानं." टाळ्या पडल्या. घरी येईपर्यंत त्या टाळ्या माझ्या कानात चिलटासारख्या घुमत होत्या.

आक्का म्हणजेच सुमन कोकरे. माझ्यापेक्षा बारा-तेरा वर्षांनी मोठ्या, तरी मला कायम 'विलासराव' आणि 'तुमी'. अंबाजोगाईतच, मेडिकल कॉलेजच्या रस्त्याला झेरॉक्सच्या दुकानावर आमचं ऑफिस होतं. दोन खोल्या, एक मोरी, आणि भर उन्हाळ्यात तापणारी गच्ची. मालक जगताप साहेब. सॉफ्टवेअर लिहिणारा मुख्य माणूस मी.

काम सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. रक्त तपासणारी मशीन असते. नमुना तपासला की ती आपलं उत्तर संगणकाला कळवते, पण अक्षरांत नाही, नुसत्या आकड्यांत. यालाच बायनरी म्हणतात. पडद्यावर ते आकडे दोन-दोनच्या जोड्यांनी दिसतात, मधूनच एखादं ए, बी, सी घुसलेलं. आमचं सॉफ्टवेअर तो मेसेज घ्यायचं, आपल्या साच्यात बसवायचं आणि दवाखान्याच्या संगणकाकडं पुढं धाडायचं. हे नीट चाललंय का, याची रोज सकाळी आपोआप चाचणी व्हायची: एका टोकाला बनावट मेसेज सोडायचा, दुसऱ्या टोकाला काय निघतं ते बघायचं. बरोबर असलं की पडद्यावर हिरवं, नसलं की तांबडं.

आक्का आमच्याकडं आल्या त्या आठवड्यापुरत्या. वीस वर्षं एका खाजगी लॅबमध्ये त्यांनी रक्त तपासलं होतं. ती लॅब बंद पडली. तपासण्यांची नावं आम्हाला समजावून सांगायला साहेबांनी त्यांना बोलावलं. पहिल्या दिवशी माझ्या पडद्याकडं बघून त्या म्हणाल्या, "हे काय हो? शाळंतल्या पोरींवानी दोघी-दोघी हात धरून चालल्यात." मी सांगितलं, हा मशीनचा मेसेज. "म्हंजी निरोप म्हना की!" आणि त्या दिवसापासून आमच्या ऑफिसात मेसेज हा शब्द कुणी उच्चारला नाही. सगळे 'निरोप'च म्हणायला लागले. आठवड्यापुरत्या आलेल्या आक्का सहा वर्षं राहिल्या.

"मंग तुमची चाचणी बघती काय?" त्यांनी तिसऱ्या दिवशी विचारलं.

"निरोप पोचला का ते. आणि लांबी बरोबर आहे का. चौसष्ट जोड्या गेल्या, चौसष्ट आल्या, की हिरवं."

"आन आत काय हाय?"

"आत काय असणार? जे पाठवलं तेच."

त्यावर त्यांनी खुर्ची ओढली आणि आपल्या वडिलांची गोष्ट सांगितली. घरचा धंदा मेंढरांचा. वडील कळप घेऊन लांब गेलेले, थोरल्या बहिणीला बघायला पाहुणे यायचे होते. वडिलांनी एका ट्रकवाल्याकडं घरी निरोप दिला: मी येतो, मग दोन दिवसानं पाव्हणे बोलवा. ट्रकवाल्यानं घरी येऊन सांगितलं: पाव्हणे बोलवा, मग दोन दिवसानं मी येतो.

"शब्द मोजा विलासराव. एकबी कमी न्हाई, एकबी जास्त न्हाई. तुमच्या चाचणीत हिरवं! आन हिकडं बारा मान्सं दारात, आन मुलीचा बाप धा कोसांवर मेंढरांमागं. आईनं चार दिवस पाव्हण्यांना जेवू घातलं. बाप आला तवा पाव्हणे घरचे होऊन बसल्ते. एक तर आमचं पाणी भरत होता."

"मग लग्न झालं का?"

"न होऊन सांगतंय कुणाला? इतकं खाल्ल्यावर न्हाई म्हनाया तोंड लागतं."

त्यानंतर मी चाचणी बदलली. खरं म्हणजे त्यांनीच बदलून घेतली. निरोपाची एकेक जोडी तपासायची असं ठरलं, आणि त्यासाठी बरोबर उत्तराची एक नमुना फाईल लागते. ती आक्का हातानं बनवायच्या. चौकटीची वही, एका चौकटीत एक जोडी. रोग्याचा नंबर तांबड्या पेन्सिलीनं, तपासणीचं नाव निळ्या, आकडा हिरव्या. मशीनचं पुस्तक मांडीवर घेऊन, बुटाच्या नाडीनं गळ्यात अडकवलेला चष्मा नाकावर चढवून त्या जोड्या मोठ्यानं म्हणत जायच्या, पाढे म्हणावेत तशा. मग एका बोटानं संगणकात उतरवायच्या. दुसरं बोट वहीवरून हलायचं नाही. बशीतला चहा गार होऊन त्यावर साय धरायची. तेवढ्यात कुणी बोललं तर हाताचा पंजा वर. साहेब बोलले तरी पंजा वर.

एकदा मी कंटाळून म्हणालो, "आक्का, हिरवं झालंय सकाळीच. कशाला परत बघता?"

"हिरवं तर गाजरगवत बी असतंय, विलासराव."

कॉलेजातली मुलं पहिल्यांदा हसली ती ह्याला.

दुसऱ्यांदा हसली ती हिमोग्लोबिनच्या गोष्टीला. एक नवी मशीन आली होती. माणसाचं हिमोग्लोबिन तेरा पूर्णांक आठ. मशीन ते एकशे अडतीस म्हणून दोन जोड्यांत पाठवायची, दहानं भागायचं काम आपलं. पण ह्या मशीनची रीत उलटी. लहान किमतीची जोडी आधी, मोठ्या किमतीची मागून. मी ते सरळ वाचलं. आक्कांनी पडद्यावर बघितलं आणि चष्मा काढून हसायलाच लागल्या.

"साडेतीन हजार हिमोग्लोबिन! आवो, हे मानूस न्हाई, लोखंडाचं दुकान हाय."

मी त्यांना समजावून सांगायला लागलो की काही मशिनी लहान जोडी आधी पाठवतात. त्यांनी मधेच तोडलं. "म्हंजी थोरला बसलाय आन धाकट्याचं लगीन आधी लावलंय. सांगा की तसं." झालं. तेव्हापासून नवी मशीन आली की साहेबसुद्धा फोनवर कंपनीच्या माणसाला विचारायचे, "तुमच्याकडं धाकट्याचं लग्न आधी का थोरल्याचं?" पलीकडचा माणूस 'राँग नंबर' म्हणून फोन ठेवायचा.

निरोपात तारीख-वेळही असते. ती दर वेळी वेगळी, त्यामुळं जोडीजोडी तपासायला गेलं की चाचणी रोज तांबडी. मी वैतागून म्हणालो, परत नुसती लांबीच तपासू. आक्का म्हणाल्या, "वेळंच्या सहा जोड्या झाका, बाकीचं उघडं ऱ्हाऊ द्या. तोंडावरून पदर घ्यायचा आसतो हो, आख्ख्या बाईला गोधडीत कावून गुंडाळता?" ही तिसरी. मुलं हसली, पण मुद्दा त्यांना कळला. पुस्तकात दोन पानं लागतात ह्याला.

त्यांच्यात खोड्याही होत्या. बनावट रोग्यांना त्या भावाच्या शेळ्या-मेंढ्यांची नावं द्यायच्या, कारण "मान्साचं नाव घातलं आन खरंच त्याला काय झालं तर?" एकदा एका डॉक्टरांना सॉफ्टवेअर दाखवताना चुकून तीच यादी उघडली. डॉक्टर वाचायला लागले: "चांदी कोकरे, वय चार, वजन अठ्ठावीस किलो." त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "चार वर्षांच्या मुलीचं वजन अठ्ठावीस?" आक्का शांतपणे म्हणाल्या, "खात्या घरची हाय." साहेब हात धुवायच्या निमित्तानं मोरीत गेले ते हसू ओसरेपर्यंत बाहेर आले नाहीत. डॉक्टरांनी सॉफ्टवेअर घेतलं.

इथपर्यंत लिहिताना मी मजेत होतो. आता माझी पाळी.

प्लेटलेट म्हणजे रक्तातल्या बारीक पेशी. डेंगीत त्या कमी झाल्या की धोका. आमचं सॉफ्टवेअर त्यांचा आकडा पुढं दोन भागांत धाडायचं: आधी मशीननं दिलेला आकडा, समजा अठरा, मग एक जोडी, मागं किती शून्यं लावायची ती. जुन्या मशीनला तीन शून्यं लावायची, नव्या मशीनला चार. पुस्तकात ते खाली बारीक अक्षरांत होतं. आक्कांनी वाचलं होतं. मी वाचलं नव्हतं. माझं सॉफ्टवेअर तीन लावत होतं, आक्कांच्या नमुना फाईलीत चार होते. म्हणून चाचणी तांबडी.

ज्या सकाळी ती तांबडी दिसली त्या दिवशी आक्का धारूरला गेल्या होत्या, भावाच्या मुलीची हळद होती. दुपारी दवाखान्याचे लोक बघायला येणार होते, आणि साहेब दर दहा मिनिटांनी डोकावून "झालं का बे हिरवं?" म्हणत होते. मी दोन्ही फायली शेजारी-शेजारी उघडल्या. चौसष्ट जोड्यांत एकच वेगळी. एकीकडं शून्य-तीन, एकीकडं शून्य-चार. मी मनात म्हणालो, आक्कांनी हातानं लिहिलंय, चुकलं असेल. माझं संगणकानं काढलंय.

आणि मी आमच्या धंद्यातलं सगळ्यात मोठं पाप केलं. माझ्या सॉफ्टवेअरनं जे काढलं तेच उचलून नमुना फाईल म्हणून ठेवलं. विद्यार्थ्याच्या पेपरावरून उत्तरपत्रिका बनवायची आणि मग पैकीच्या पैकी मार्क द्यायचे. चाचणी लगेच हिरवी झाली. होणारच.

नंतर मी स्वतःला सांगत आलो की आक्कांना फोन लागला नाही, धारूरच्या डोंगरात रेंज नसते. मी फोन लावलाच नव्हता.

पंधरा दिवसांनी दवाखान्यात नवी मशीन सुरू झाली, आणि दुसऱ्याच दिवशी तिथून फोन आला. कडा गावाजवळच्या एका वस्तीवरचे गोरखभाऊ, ट्रॅक्टर चालवणारे, तापानं आले होते. रिपोर्टमध्ये प्लेटलेट अठरा हजार. डॉक्टरांनी तातडीनं नगरला हलवायला सांगितलं. घरात रडारड, बायकोनं देव पाण्यात घातले, जीपमध्ये सहा माणसं कोंबून नेलं. नगरला परत तपासलं तर एक लाख ऐंशी हजार. साधा ताप. तिथल्या डॉक्टरांनी गोळी देऊन घरी पाठवलं. गोरखभाऊ धडधाकट होते, पण उलट झालं असतं तर, हे आम्हाला दवाखान्यानं सांगायची गरज नव्हती.

साहेबांनी आक्कांना बोलावलं. मीही तिथंच होतो.

"आक्का, ही नमुना फाईल तुम्ही बनवली ना?"

"माझीच हाय."

"मग ह्यात तीन कसे?"

आक्कांनी चष्मा चढवला, बघितलं, वही आणली. "वहीत चार हायत की."

"वही चाचणीत जात नाही, आक्का. फाईल जाते. सॉफ्टवेअरची चूक तिनंच पकडायची असते."

त्या वेळी आमच्या ऑफिसात कोणती फाईल कुणी कधी बदलली याची नोंद ठेवायची शिस्त नव्हती. आता आहे. ती मीच लावली. का लावली, हे मला कुणी विचारलं नाही.

आक्का माझ्याकडं वळल्या. संशयानं नव्हे. संशयानं बघितलं असतं तर मी कदाचित बोललो असतो. त्या मदत मागत होत्या. "विलासराव, मी उतरिवताना तीन टाकले आसतील का हो?"

मी म्हणालो, "होतं कधी कधी, आक्का. वयानं."

तीन शून्यांचं ओझं एक वेळ उतरेल. ते 'वयानं' मी कुठं ठेवू?

"मंग माझीच गफलत," त्या म्हणाल्या. साहेब भले माणूस. त्यांनी आरडाओरडा केला नाही, फक्त आक्कांना चाचण्यांवरून काढून फोनवर बसवलं. तीन आठवडे त्या फोन घेत होत्या. मग एका सकाळी पिशवी भरून उभ्या राहिल्या. "ज्याला सोताच्या हाताचा भरवसा न्हाई, त्यानं दुसऱ्याचं रक्त वाचू ने," एवढं बोलून धारूरला भावाकडं गेल्या. मी त्यांची पिशवी जिन्यानं खाली नेऊन दिली. वाटेत पाच-सहा वेळा तोंड उघडलं. शेवटी म्हणालो, "जपून जा."

पाच वर्षं गेली. मग ते कॉलेज, त्या टाळ्या. पुढच्या रविवारी मी धारूरची बस धरली.

भावाचं घर किल्ल्याच्या बाजूला. आक्का अंगणात मेथी निवडत होत्या. भावजय आत भाकरी थापत होती. "आगं बया, विलासराव! आन एवढे वाळले कावून?" पाणी आलं, चहा आला. मी चहा न घेता एका दमात सगळं सांगितलं. तांबडी चाचणी, दोन फायली, न लावलेला फोन. 'वयानं'सुद्धा.

आक्कांनी मेथीची जुडी खाली ठेवली.

"म्हंजी मी चार टाकले व्हते?"

"चारच."

"नक्की?"

"माझ्या डोळ्यांनी बघितलेत, आक्का. चार होते. मी तीन केले."

"परत म्हना."

"चार होते."

मला वाटलं, आता त्या रडतील किंवा मला हाकलतील. त्या उठल्या आणि घराकडं तोंड करून ओरडल्या, "आगं ये, ऐकलं का! मी चारच टाकले व्हते!"

आतून आवाज आला, "काय चार?"

"शून्य!"

"शून्य का चार? नीट सांगा की!"

"आगं चार शून्य! माझा हात चुकला नव्हता!"

भावजय पिठाचे हात घेऊन दारात आली. आक्का तिला सांगायला लागल्या आणि सांगता सांगता माझ्यावर उखडल्या. "पाच वर्सं! पाच वर्सं मी भाजीत मीठ घातलं का हे हिला इचारते. गॅस बंद केला का बघाया तीनदा उठते. भावाची मेंढरं मोजली की म्हन्ते, तुमी एकदा मोजा, माझा भरवसा न्हाई. आन ह्यो मानूस माझी पिशवी उचलून जिन्यात जपून जा म्हन्तो!"

"लई हलकट की हो तुमी," भावजय माझ्याकडं बघून म्हणाली, आणि भाकरी करपेल म्हणून आत पळाली.

आक्का मेथीची जुडी परत उचलत म्हणाल्या, "त्या गोरखभाऊंकडं गेलते का तुमी?"

"नाही."

"मी गेलते." नोकरी सोडल्यावर आठ दिवसांनी त्या कड्याला गेल्या होत्या, एकट्या. त्या वस्तीवर जाऊन, माझ्या हातानं चूक झाली, असं म्हणून हात जोडले होते. गोरखभाऊंच्या बायकोनं आधी चार शब्द सुनावले आणि मग पिठलं-भाकरी वाढली. "म्हंजी मी भाकरी खाल्ली ती बी तुमच्या वाट्याची," आक्का म्हणाल्या, आणि आता मात्र त्यांना हसू आलं. "मापी बराबर गेली हो. मानूस चुकीचं गेलं."

त्यांनी फोन काढला, नाव शोधलं. त्यांचा अजून संबंध होता. दिवाळीला फोन व्हायचा. "गोरखभाऊ, मी सुमनआक्का. ते रिपोर्टचं... व्हय. ते मी केलंच नव्हतं. न्हाई, मलाच आज कळलं. ज्यानं केलं तो हितं बसलाय, चांगला मिशीवाला हाय. लावून देऊ? व्हय, वयनींना सांगा, जे बोलायचं ते नव्यानं बोलाया लागंल." फोन ठेवला. "उठा. बीडची गाडी दीड वाजता हाय. तिथून कडा."

"आजच?"

"मंग काय पाच वर्सांनी?"

"तुम्ही येता का सोबत?"

"मी आले तर परत अर्धं माझ्याच नावावर जाईल. एकल्यानं जावा."

"आणि साहेबांना मी उद्या सांगतो."

"खबरदार! साहेबांना मी सांगनार. तेवढं सुख माझं हाय."

साहेबांना त्यांनी काय सांगितलं ते मला सोमवारी ऑफिसात कळलं, सगळ्यांच्या देखत. साहेबांनी त्यांना परत बोलावलं. त्यांनी 'इचार करते' म्हणून साहेबांना अजून टांगून ठेवलंय. कड्याला माझं काय झालं, ते त्या वस्तीला ठाऊक आहे.

आक्कांना मी शेवटचं पाहिलं ते त्याच दुपारी, धारूरच्या स्टँडवर. मी खिडकीशी बसलो होतो. त्या उन्हात पदर डोक्यावर घेऊन बसच्या दाराशी उभ्या होत्या आणि कंडक्टरला मोठ्यानं, साऱ्या गाडीला ऐकू जाईल असं सांगत होत्या, "ह्यांना बीडला उतरवा. तिथं कड्याच्या गाडीत बसवून द्या. मधीच उतरतो म्हनले तर उतरू देऊ नका. आजारी न्हाईत, नुसते भित्रे हायत."

कंडक्टरनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं, मग आक्कांकडं बघून मान हलवली, आणि दोनदा घंटा दिली.